चाकामागचा दगड

आमच्या लॉरीला मी 'घरगाडी' नाव ठेवलं, ते बाबाला मुळीच आवडलं नाही. "मीठ वाहते ती. घर कसलं?" असं म्हणायचा. पण अठ्ठावन्न सालच्या दिवाळीत त्यानं स्वतःच तिचं घर केलं. मागच्या हौद्यात दोन्ही बाजूंना फळ्या ठोकल्या, त्यांवर गोधड्या अंथरल्या, वर ताडपत्री ताणली. घासलेटचा स्टोव्ह आला, पाण्याचं पिंप आलं, खिळ्याला आरसा लटकला, दोरीवर लुगडी चढली आणि आयेच्या हट्टापायी खुराड्यासकट दोन कोंबड्यासुद्धा आल्या. निघायचं होतं हरेश्वराला, कार्तिकी पौर्णिमेच्या स्नानाला. मीठ अजून सुरू झालं नव्हतं, भात झोडून झालं होतं, माझ्या शाळेला सुट्टी होती. मी आनंदानं नुसती उड्या मारत होते.

ती लॉरी म्हणजे लढाई संपल्यावर मिलिटरीनं लिलावात काढलेली. हँडल मारल्याशिवाय जागी व्हायची नाही आणि चढ दिसला की रडायची. तरी काय झालं? सबंध खारपट्ट्यात लॉरी घेणारा पहिला आगरी माझा बाबा, धर्माजी. आणि तिच्यात पुढे बाबाशेजारी बसून पेणच्या हायस्कूलला जाणारी आमच्या गावची पहिली मुलगी मी, सगुणा, तेव्हा नववीत. त्या गणपतीत मी वक्तृत्वात पहिली आले होते. तेव्हापासून माझं तोंड मिटतच नव्हतं. आय म्हणायची, "हिच्या तोंडाला उघाडी बसवा कुनीतरी."

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं लाकडी दार. भरतीचं पाणी मिठागरात घ्यायचं असलं की उघडायचं, नको असलं की पाणी चढायच्या आत पाडायचं. जरा उशीर झाला की बांध फुटलाच. आमची उघाडी येसूआत्ते सांभाळायची. ती बाबाची धाकटी बहीण. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही येतं. पण आम्ही खाडीत फार आत. समुद्राचं पाणी वळणं घेत घेत आमच्या बांधाला लागेपर्यंत बराच उशीर होतो, आणि तो उशीर आमच्या सगळ्यांच्या हिशेबात जन्मापासून मुरलेला. तरी बाबा रोज आत्तेलाच विचारायचा, "येसू, पानी कवा?" ती सांगायची, तो मान हलवायचा. बहीणभावांचं दिवसभराचं बोलणं एवढंच.

आत्ते टाकलेली होती. तिला दिली होती दिवेआगरच्या अलीकडच्या एका गावात, अगदी समुद्राला लागून. (गावाचं नाव लिहीत नाही. गावानं काय केलंय?) लग्न झालं त्या महिन्यातच सासरचा रेडा मेला. सासू म्हणाली, पायगुण. मग आजारपण आलं, तेही पायगुण. दोन वर्षं मारलं आणि एक दिवस मचव्यात बसवून पाठवून दिलं. नवऱ्यानं, भागोजीनं, दुसरी केली. या गोष्टीला बारा वर्षं झाली. आत्तेनं सासरचं नाव कधी काढलं नाही. मी चौथीत असताना तापानं फणफणले होते, तेव्हा मला पाठीवर मारून चिखलातून पेणच्या डॉक्टरकडे नेणारी हीच. आय तेव्हा म्हणाली होती, "मुलगी हाय, उतरंल ताप."

तर निघालो. बाबा स्टेअरिंगवर, शेजारी मी, मागे घरात आय आणि आत्ते. फळ्या दोन बाजूंना होत्या, एकीवर आय आणि दुसरीवर कोंबड्यांचं खुराडं. आत्ते मधल्या जागेत पिंपाला टेकून.

"येसूबाय, खुराडं खाली ठेवलं तर माझ्या कोंबड्या घाबरतात," आयनं समजावून सांगितलं.

"बसू दे की त्यांना," आत्ते म्हणाली. "त्यांना कुठं माहीत, कुठं चालल्यात."

मी खो खो हसले. बाबाही हसला. मग काय मनात आलं कोण जाणे, एकदम हॉर्न वाजवला. रस्त्यावर कोणी नव्हतं.

माणगावच्या पुढे घाट लागला. गाडी रडायला लागली, तोंडातून वाफ सोडायला लागली. बाबा ब्रेक दाबून ओरडला, "उतरा! येसू, दगड!"

हे दगडाचं काम असं असतं. मालाची गाडी चढावर थांबली की मागे घरंगळते. म्हणून एकानं मोठा दगड घेऊन मागच्या चाकाबरोबर चालायचं. गाडी थांबली की टाक दगड चाकामागे. गाडी हलली की उचल आणि पळ. दगड टाकायला चुकलं तर गाडी आधी टाकणाऱ्याच्या अंगावर येते. मिठाची खेप असली की हे काम क्लीनर करतो. यात्रेला क्लीनर कशाला, आत्ते आहे की!

आय आणि मी पुढे मोकळ्या हातानं चालत होतो. मागे आत्ते, लुगड्याचा काष्टा घट्ट मारून, पोटाशी दगड धरून. थांबली, टाकला, उचलला, पळाली. बाबा खिडकीतून मान काढून मला म्हणाला, "लिही गं मास्तरीण, परवासातला धडा! गाडी चढंना झाली की वझं उतरवायचं. ज्याचा उपेग न्हाय त्यानं पायी चालायचं."

"मग तू का नाही उतरत?" मी विचारलं.

"मी उतरलो तर गाडी कोन तुझा हेडमास्तर चालवंल?"

माथ्यावर सपाटी लागली. मी आयला म्हटलं, "आता आत्तेला वर घे ना."

"चालू दे. पाय मजबूत ऱ्हाऊ देत तिचे. कामाला येतील."

"कसल्या कामाला?"

आयनं मागे पाहिलं. आत्ते लांब होती, दगडावर बसून श्वास घेत होती. "तिला नवऱ्याकडं सोडायची हाय," आय म्हणाली, जशी काही पिठाची गिरणी लागली की डबा ठेवायचा आहे. "सासू मेली. भागोजी ठेवून घ्यायला तयार हाय. त्याच्या वाडीत पायानं फिरवून पानी काढायचा पायराहाट हाय, दुसरीच्या पोटाला पोर झालं, तिला चालवता येत न्हाय. बापसानं आषाढातच बोलनं केलंय."

"आणि हरेश्वर?"

"तो कुठं पळून चाललाय? तिला सोडू न् जाऊ."

मी एवढंच म्हटलं, "का पण?"

"तुझ्यापायी! पनवेलची मान्सं तुला बगाया आली तवा त्यांची म्हातारी काय म्हनाली, आयकलंस ना? ज्या घरात टाकलेली बसून खाते त्या घरची पोर काय रीत शिकली असंल. आनि हे बग, तोंड उघडलंस तर बापूस शाळा बंद करंल. सांगून ठेवते."

मागून आत्ते आली. घामानं निथळत होती. दगड हौद्यात टाकून मला म्हणाली, "अगं, काय झालं? वारं लागलं का?"

संध्याकाळी म्हसळ्याच्या बाहेर वडाखाली घरगाडी लावली. आत्ते भांडी घेऊन विहिरीवर गेली. बाबा सुक्या बोंबलाचं कालवण ओरपत होता. मला वाटलं, आपण वक्तृत्वात पहिल्या. तीनशे माणसं आपण गप्प बसवलीत, हा तर एकटा बाबा! मी गाडीच्या पायरीवर उभी राहिले आणि शुद्ध मराठीत सुरू केलं. स्त्री ही वस्तू नाही, स्वातंत्र्य येऊन अकरा वर्षं झाली, जिनं आमचं मिठागर बारा वर्षं राखलं तिला असं टाकणं हा अन्याय आहे. मध्ये एक हातही वर केला. छान झालं भाषण. शपथेवर सांगते, गणपतीतल्यापेक्षा छान झालं.

बाबानं हात धुतले, पुसले, आणि टाळ्या वाजवल्या.

"वा! सोनू," तो आयला म्हणाला, "बग तरी पोर कशी बोलते. बक्षीस दिलं पायजे." मग माझ्याकडे पाहून गोड हसला. "तुला मॅट्रिकपर्यंत शिकवनार होतो. आता नववीपर्यंत. आजून बोलायचं हाय?"

आय पदरात तोंड घालून हसली. मी पायरीवरून उतरले. विहिरीकडून आत्तेच्या भांड्यांचा आवाज येत होता, एकसारखा, खरवडल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी म्हसळ्याहून गाडी हरेश्वराचा रस्ता सोडून बोर्लीकडे वळली. मी मान वळवून मागे पाहिलं. आत्तेनं बाहेर एकदा बघितलं आणि पदर डोक्यावर घेतला. दिवस उतरताना आम्ही समुद्रावर पोचलो. त्या गावात गाडी जाईल असा रस्ताच नव्हता. दोन्हीकडे वाड्यांची कुंपणं, मध्ये बैल जेमतेम जाईल एवढी पाखाडी. बैलगाड्या सगळ्या किनाऱ्यावरून यायच्या, ओहोटीच्या वेळी, ओल्या घट्ट वाळूवरून. आम्ही वाळूच्या एका टोकाला सुरूंखाली गाडी लावली. सकाळी ओहोटीला भागोजीच्या दाराशी जायचं ठरलं.

"येसूबाय, तू गाडीखाली नीज," आय म्हणाली. "तुला वारं बरं."

अंधार पडायच्या आधी आत्ते मला पाण्याकडे घेऊन गेली. समुद्र लांबवर सरकला होता. वाळू आरशासारखी होती, आणि माझ्या जिभेवर एक वाक्य टोचत होतं. शेवटी म्हणालेच, "आत्ते, तुला इथं सोडणार आहेत."

"ठाऊक हाय."

"कुणी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगाया पायजे? दोन दिसांच्या यात्रेला तुझ्या आयेनं माझी चारी लुगडी बांधली. फाटकंसुद्धा." मग ती हसली. "आनि तुझं भाषन विहिरीवर आयकू आलं. त्या हाताचं काय गं, असा वर का केलास?"

"तसं करायचं असतं."

"बरं असतं."

आम्ही चालत राहिलो. एका जागी थांबून ती म्हणाली, "हितं माझी भांडी गेली व्हती. नवी आलेली. घरच्यासारखा हिसाब धरून बसले घासत. म्हटलं अजून लई येळ हाय. मागं बगते तर पानी कमरंला. हितं दर्या उघडा हाय, सगुना. त्याला वळनं घ्यावी लागत न्हायत. आपल्याकडं पानी हलतं तवा हितं पार चढून गेलेलं असतं. आनि उधानाचं पानी तर घोड्यावानी येतं." तिनं मनगटावरचा एक पांढरा वण मला दाखवला. "भांड्यांचा हिसाब सासूनं हितं घेतला."

मी म्हटलं, "मी उद्या पुन्हा बोलते बाबाशी."

"न्हाय," ती म्हणाली. "लई बोलतेस. शाळा घालवून बसशील."

सकाळी वाळू उघडी होती, चांदीसारखी. गाडी मजेत पळाली. मध्ये एक ओहोळ समुद्राला मिळत होता. तो आम्ही अगदी खालून, पाण्याच्या कडेनं, घट्ट वाळूवरून ओलांडला. तरीही बाबानं आत्तेला दगड घेऊन उतरवलंच, सवयीनं. त्यामुळे भागोजीच्या दारात ती उभी राहिली ती एका हातात बोचकं आणि काखेत दगड अशी.

भागोजी उंच, नाकाला तपकीर. त्यानं बायकोकडे बारा वर्षांनी पाहिलं ते गुडघ्यांपासून खाली.

"पाय धड हायत ना?"

"घाट चढून आलीय," बाबा म्हणाला. "परवाच."

"बरं. राहाट मोडला तर मी सुतार आनतो. बाई मोडली तर सुतार चालत न्हाय." भागोजी स्वतःच्या विनोदावर हसला आणि बाबाही बरोबर हसला. मला त्या दोघांचं हसणं अगदी सख्ख्या भावांसारखं वाटलं.

दुसरी बायको, मनुबाई, दारातच उभी होती, कडेवर मूल. तिनं आत्तेला उंबऱ्यापाशी थांबवलं. "थांब गं. उजवा पाय आत ठेव आधी. बगू दे." तिचे डोळे आत्तेच्या पायावर असे खिळले होते, जसा काही त्यातून साप निघणार आहे. "सासूबायनं मरताना सांगितलं व्हतं, ही आली तर पयल्या दिवशी काय घडतंय ते बग."

आत्तेनं उजवा पाय ठेवला. काही घडलं नाही. मूल रडलं, तेवढंच.

"काय, मिटली ना भीती?" बाबा मनुबाईला म्हणाला, आणि ओटीवर ऐसपैस बसला. सगळं हलकं झालं होतं त्याचं. पहिल्या भाकऱ्या वाढून मनुबाई पुढच्या टाकायला आत गेली, भागोजी पाणी लावायला वाडीत गेला. आय आपल्या कोंबड्यांना परत गाडीत चढवत होती. ओटी-अंगणात उरलो आम्ही तिघं. आणि बाबानं, आत्ताच जन्मभराचा विषय संपवलेल्या माणसानं, भाकरीचा तुकडा मोडता मोडता सवयीनं विचारलं,

"येसू, पानी कवा?"

आत्ते अंगणाच्या कडेला उभी होती. तिच्या मागे समुद्र दिसत होता. तिनं समुद्राकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"आपल्याकडं चढतं तवाच," ती म्हणाली. "आजून येळ हाय, दादा. जेवून घे पोटभर."

माझ्या तोंडात घास होता. तो चावून गिळायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी सगळं समजले. गिळल्यावर तोंड मोकळं झालं. बाबा माझ्याकडेच बघत होता.

"काय गं मास्तरीण, आज भाषन न्हाय?"

"नाही," मी म्हटलं. "आणखी एक भाकरी दे."

त्यानं आत्तेचा निरोपही घेतला नाही. आय म्हणाली, "येसूबाय, नीट ऱ्हा. आता तरी नीट ऱ्हा." गाडी निघाली. मी खिडकीतून पाहिलं. आत्ते कुंपणापाशी उभी होती आणि दगड तिच्या पायाशी होता.

ओहोळापाशी आलो तर सकाळची वाट कुठं होती? तिथं लाटा फुटत होत्या. बाबानं शिवी घातली. "एवढ्यात कसं?" मग स्टेअरिंग वर वळवलं, कोरड्या वाळूकडे. कोरडी वाळू म्हणजे भुसा. ओहोळाच्या काठाला मागचं चाक फिरलं, फिरलं आणि बसलं. बाबानं गियर टाकला. गाडी वर चढायच्या ऐवजी हळूहळू मागे, पाण्याकडे, घसरायला लागली.

"येसू!" बाबा ओरडला. "दगड! येसू, दगड लाव!"

मग त्याच्याच लक्षात आलं. त्याचा तो चेहरा मी पाहिला आहे. मला भाषणात कोणी सांगितलं, मानवी मुद्रांचं वर्णन करा, तर मी तेवढंच करीन.

"उतरा!" तो म्हणाला.

"वझं उतरवायचं ना," मी म्हटलं आणि उडी मारली. कानाखाली बसली असती, पण त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते.

मग समुद्र आला. आत्ते म्हणाली होती तसाच, घोड्यासारखा. पहिली लाट चाकाला, दुसरी पायरीला. तिसरीत इंजिन खोकलं आणि मेलं. बाबा हँडल मारायला पुढे गेला, लाटेनं त्याला गुडघ्यावर पाडलं. आय वाळूवरून किंचाळत होती, "माझ्या कोंबड्या! अवो, माझ्या कोंबड्या!" बाबानं खुराडं काढलं. एक जिवंत होती. मग ओळीनं आमचं घर निघालं. गोधड्या, आयेची पातळं, स्टोव्ह, माझी दप्तराची पिशवी, आणि पिंप तर असं डौलात तरंगत गेलं की मला हसू आलं. हो, आलं. आयनं पाहिलं आणि म्हणाली, "राक्षशीन हायस."

गावातली माणसं धावत आली. बैल आणले, दोर आणले. पण उधाण होतं. बैल पाण्यात पाय टाकेनात. एक म्हातारा म्हणाला, "पाव्हनं, हितं पुनवेला कोन गाडी घालतो या येळेला? शाळेतली पोरंबी घालनार न्हायत." बाबा ओल्या लेंग्यानं वाळूत बसला होता आणि गाडीचं नाक तेवढं पाण्याबाहेर होतं, बुडणाऱ्या म्हशीसारखं.

भागोजी आला. मागे मनुबाई, आणि तिच्या मागे आत्ते. मनुबाईनं गाडी पाहिली. आत्तेचे पाय पाहिले. तिचं तोंड चुन्यासारखं झालं.

"बगितलंस?" ती भागोजीवर ओरडली. "लगीन होऊन आली, रेडा मेला. आज उंबऱ्याला पाय लावला, भावाची गाडी गेली. सख्खा भाऊ! आता माझं पोर घालवशील?"

"अगं, पन राहाट—"

"तू चालव! तुझे पाय कुनी तोडलं?"

माणसं हसली. भागोजी वाळूकडे बघू लागला. मनुबाई पळत घरी गेली, परत आली आणि आत्तेचं बोचकं बाबाच्या अंगावर फेकलं. चारी लुगडी वाळूत पसरली, फाटकंसुद्धा.

"न्हेवा! आत्ताच्या आत्ता न्हेवा!"

"असं कसं?" बाबा उठला. "आपलं बोलनं झालं हाय, भागोजी. चार मान्सांत झालंय." त्याचा आवाज रडवेला होता. गाडी बुडाली तेव्हा तो असा रडवेला नव्हता. बहीण परत न्यावी लागणार म्हणून झाला.

भागोजीनं तपकीर ओढली. "घेऊन जा, धर्माजी. तुझ्याकडं बुडायला आता काय उरलंय?"

आत्ते खाली बसून लुगडी झटकत होती, एकेक, घाई न करता. बाबा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. हळूच, माणसांना ऐकू जाऊ नये असं, म्हणाला, "तू म्हनालीस, आपल्याकडं चढतं तवाच."

"म्हनाले खरं."

"दोन वर्सं हितं पानी भरलंस तू!"

"इसरले, दादा," आत्ते म्हणाली. "बारा वर्सं झाली. मार लागला तेवढा ध्यानात ऱ्हायला, पानी न्हाय ऱ्हायलं."

तो माझ्याकडे वळला. "आनि तू? तुला ठाऊक व्हतं?"

"मला कसं असेल?" मी म्हटलं. "मी नववीपर्यंतच शिकलेय."

बोर्लीपर्यंत चालत गेलो. हरेश्वराचं नाव कोणी काढलं नाही. एस.टी.त आत्तेनं मांडीवर बोचकं घेतलं आणि पायाशी तो दगड ठेवला. तेवढा एक दगड कुंपणापासून उचलून तिनं सगळ्या वाटेनं काखेत आणला होता. कंडक्टरनं विचारलं, "बाई, हे काय? देव हाय का?"

"भावाची वस्तू हाय," आत्ते म्हणाली. "पुन्ना गाडी घेईल, तवा लागंल."

बाबा खिडकीबाहेर बघत होता. त्याची मान लाल झाली होती.

गाडी काही मिळाली नाही. ओहोटीला दिसायची म्हणतात, मग गावानं फळ्या नेल्या, कोणी टायर नेले, उरलं ते वाळूनं घेतलं. पनवेलची माणसं पुन्हा आली नाहीत. ती लॉरीवाल्याच्या मुलीला बघायला आली होती. लॉरी गेली, तशी तीही गेली. माझ्या लग्नाचं सध्या कोणी बोलत नाही आणि माझ्या शाळेचंही कोणी बोलत नाही. मी आता मॅट्रिकला आहे. रोज चालत जाते, सात कोस तुडवायचे असते तरी गेले असते. यंदाही वक्तृत्वात पहिली आले. परीक्षक म्हणाले, कुठं थांबायचं हे या मुलीला चांगलं कळतं.

आम्ही पुन्हा मिठावरच आहोत, अगदी पहिल्यासारखे. तो दगड उघाडीच्या फळीला टेकण म्हणून लावलाय. आत्तेला घालवायचं घरात कोणी नाव काढत नाही. आय तिला ओटीवर जागा देते, आणि स्वतः जरा लांब सरकून बसते. बाबा सकाळी बांधावर येतो आणि विचारतो, "येसू, पानी कवा?" ती सांगते. तो मान हलवतो. आणि मग घरी जायच्या ऐवजी बांधाच्या टोकाला जाऊन उभा राहतो, उन्हातान्हात, खाडीच्या वळणाकडे डोळे लावून. पाणी दिसेपर्यंत हलत नाही.

आत्ते त्याला वेळ अगदी बरोबर सांगते. दर वेळी. हे मला ठाऊक आहे आणि आत्तेला ठाऊक आहे. आम्ही दोघी उघाडीवर बसून शेंगा खातो आणि त्याच्याकडे बघतो.